गव्हातील सेलेनियम व त्याची परीक्षा

सन २०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावी लोकांचे केस ओढताच मुठीत येऊ लागले व तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला असल्याने पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वस्त धान्य दुकानातील गव्हाकडे बोट दाखविले. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. तोच गहू धुतल्यावर १३.६१. म्हणजे धुण्याने शेकडा सहा-सात भागच कमी झाला. वरची धूळ निघाली, मूळ द्रव्य दाण्याच्या आतच राहिले. अशा गव्हाच्या ३० ग्रॅम पिठाच्या एका पोळीत सुमारे ४३५ मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रौढ माणसास दिवसाची कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठरविली आहे.

सेलेनियम हे गंधकाचे भावंड होय. पिकाची मुळे ते गंधक समजूनच शोषतात व प्रथिनांत गंधकाच्या जागी बसवितात. गव्हात ते मुख्यत्वे सेलेनोमेथिओनाइन या रूपात असते. मोहरी, लसूण यांत आणखी निराळी रूपे सापडतात. पंजाबात होशियारपूर व नवांशहर या भागांत शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम अधिक आहे. तेथे जनावरांचे खूर तडकणे, शेपटीचे केस झडणे हे प्रकार जुनेच आहेत. जमिनीत जिप्सम घातल्यास त्यातील गंधकामुळे पिकाचे सेलेनियम-शोषण घटते, हे तेथील प्रयोगांत दिसून आले आहे.

डोळ्यांनी वा चवीने हे द्रव्य ओळखता येत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंचे वजन करणारा काटा, वापरतात. दाणे दळून बंद भांड्यात नत्राम्लात विरघळवितात. उघड्या भट्टीत जाळल्यास सेलेनियम वाफ होऊन उडते, म्हणून ती रीत वर्ज्य. तो द्रव सहा हजार अंशांहून अधिक तप्त अशा अरगॉन वायूच्या ज्योतीत फवारला की अणू विद्युत्भारित होतात व वजनाप्रमाणे निरनिराळे मोजले जातात. येथे एक गोम आहे. सेलेनियमचा निम्मा भाग ८० वजनाचा. पण ४० वजनाचे दोन अरगॉन अणू जोडले गेले तरी वजन ८० च भरते! म्हणून ७८ वजनाचा सेलेनियम मोजतात, किंवा यंत्रात हायड्रोजन सोडून ती खोटी जोडी मोडतात.

एवढ्याने एकूण प्रमाण कळते. रूप कळत नाही. आम्लात मूळ संयुगे मोडून जातात. रूप हवे असल्यास प्रथिने पचविणाऱ्या पाचकद्रव्यात पीठ सौम्यपणे विरघळवून, घटक नळीतून एकामागून एक वेगळे काढून मगच यंत्रात सोडावे लागतात. हे काम खर्चाचे आहे. प्रत्येक पोत्यासाठी करण्याचे नव्हे.

परंतु नमुनाच चुकीचा असेल तर लाखांचे यंत्रही व्यर्थ. ग्रामसेवकांनी पोत्याच्या तोंडाशी असलेले मूठभर दाणे उचलू नयेत. वर, मध्ये व तळाशी, शिवाय अनेक पोत्यांतून थोडेथोडे घेऊन एकत्र करावे, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि अर्धा किलो राहीपर्यंत हेच करीत जावे. उभ्या पिकाचा नमुना असल्यास शेताच्या निरनिराळ्या भागांतील कणसे घेऊन सावलीत वाळवावीत, कडक आचेवर नव्हे. धान्य स्थानिक की दुकानातले, पोत्यावरील खूण, तारीख व सिंचनाचे पाणी कोठले, हे चिठ्ठीवर लिहावे. तुलनेसाठी त्याच गावात पिकलेल्या गव्हाचा नमुनाही सोबत द्यावा. केसांचा नमुना आरोग्य विभाग घेईल. तथापि कोंड्यावरील काही शाम्पूंत सेलेनियमच असते, तेव्हा त्या व्यक्तीने कोणता शाम्पू वापरला तेही विचारून ठेवावे.