मेपलचा रस रंगीत उतरतो तेव्हा

मेपलच्या झाडाचा ताजा रस पाण्यासारखा नितळ असतो. पेल्यात घेतला तर तो पाण्यापासून वेगळा ओळखता येत नाही. जिभेवर किंचित गोडी जाणवते, इतकेच. शुगर मेपल या जातीच्या रसात साखरेचे प्रमाण साधारण २ टक्के असते, रेड मेपल आणि सिल्व्हर मेपलमध्ये बहुधा त्याहून कमी. मेपल सिरपचा सोनेरी-तांबूस रंग झाडातून उतरत नाही. उसाच्या काकवीप्रमाणे तो आटवताना येतो. म्हणून बादलीतच रस पिवळट, चहासारखा किंवा दुधाळ दिसला, तर तो रंग कुठून आला याचा शोध चूल पेटवण्याआधी घ्यावा लागतो.

रस काढण्याचा हंगाम क्वेबेक, ऑन्टारिओ, व्हरमाँट, न्यूयॉर्क या पट्ट्यात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत चालतो. त्याला रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असे तापमान लागते. रात्री गारठ्याने खोडाच्या तंतूंमधील वायू आकसतो, मुळांकडून पाणी वर ओढले जाते आणि गोठते. दिवसा ते वितळते, आतला दाब वाढतो आणि छेद असेल तेथून रस बाहेर पडतो. हे सारे खोडाच्या बाहेरच्या, फिकट रंगाच्या जिवंत लाकडात घडते. छेद साधारण ८ मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ सेंटिमीटर खोल घेतात. तो आत जाताना किंचित वर चढता ठेवतात, म्हणजे रस आपोआप बाहेर वाहतो. छातीच्या उंचीला ज्याचा व्यास २५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, त्या झाडाला हात लावू नये असा संकेत आहे.

रसाच्या रंगाबद्दलची पहिली खूण रस वाहू लागण्याआधीच मिळते. ती म्हणजे गिरमिटातून बाहेर पडणारा भुसा. निरोगी लाकडाचा भुसा पांढरट किंवा सायीच्या रंगाचा आणि ओलसर असतो. तो तपकिरी निघू लागला, तर गिरमिट डागाळलेल्या किंवा मेलेल्या लाकडात शिरले आहे असे समजावे. असे लाकूड कमी रस देते, आणि जो देते तो पिवळसर ते चहाच्या रंगापर्यंत कसाही असू शकतो.

डागाळलेले लाकूड येते कुठून, हे झाडाच्या स्वभावात आहे. माणसाची जखम जशी नव्या पेशींनी भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती कुंपण घालते, आतला भाग कायमचा वेगळा पाडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात ही प्रक्रिया सविस्तर मांडली. प्रत्येक जुन्या छेदामागे अशी एक तपकिरी पट्टी खोडात शिल्लक राहते. ती आडवी अरुंद, पण उभी वर-खाली चांगली लांब असते. जुना छेद बाहेरून पूर्ण मिटला तरी ही पट्टी आत तशीच असते. तुटलेली फांदी, वाहनाचा धक्का, खोडात ठोकलेला खिळा, यांमागेही असेच डाग असतात.

प्रस्तुत लेखकाच्या पहिल्याच हंगामात हीच गोष्ट नडली. ऑन्टारिओतील एका जुन्या घराच्या परसात चार मेपल होते. त्यांतल्या सर्वांत जाड झाडाच्या सालीवर बेंबीसारखे मिटलेले खळगे होते. आधीच्या कुणीतरी तेथे वर्षानुवर्षे रस काढलेला होता, पण त्या खुणा वाचण्याचे भान नव्हते. छेद नेमका एका खळग्याच्या वीतभर वर घेतला गेला. भुसा तपकिरी निघाला. जुन्या झाडाचे लाकूड गडद असायचेच, अशी समजूत करून घेतली गेली. त्या बादलीत कोऱ्या, पातळ चहासारखा रस जमला. सिरप शेवटी तपकिरीच व्हायचे आहे, मग आधीच थोडा रंग असला तर बिघडले कुठे, असा विचार करून तो इतर तीन झाडांच्या नितळ रसात ओतला गेला. सगळा मिळून सुमारे ४५ लिटर रस दिवसभर आटवल्यावर जेमतेम लिटरभर सिरप हाती आले. ते काळपट होते, त्याला भिजलेल्या लाकडाचा वास होता आणि गोडीमागून कडवटपणा घशात राहत होता.

या हिशेबातच धोक्याचे मूळ आहे. मेपलच्या धंद्यात ८६चा नियम प्रसिद्ध आहे: रसातील साखरेच्या टक्केवारीने ८६ला भागले, की एक माप सिरपसाठी किती मापे रस लागेल ते कळते. २ टक्क्यांच्या रसाला ४३ मापे. याचा अर्थ असा, की रसातली जी चव किंवा वास उकळताना उडून जात नाही, ती चाळीसपट दाट होऊन सिरपमध्ये उतरते. बादलीत जे जाणवतही नाही, ते ताटात असह्य होते.

तपकिरी रंगाची दुसरी कारणे तुलनेने निरुपद्रवी आहेत, आणि बहुतेकांचा उगम झाडाबाहेर असतो. पाऊस पडला किंवा फांद्यांवरचा बर्फ वितळला, की पाणी सालीवरून ओघळते, सालीतील टॅनिन घेऊन तोटीच्या कडेने बादलीत उतरते. झाकण नसलेल्या बादलीत हे हमखास होते. पावसाच्या दिवशी सर्वच बादल्या पिवळट दिसत असतील आणि कोरड्या दिवशी पुन्हा नितळ होत असतील, तर दोष झाकणाचा. गंजलेल्या पत्र्याच्या बादलीतही रस काळवंडतो, कारण लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की करडा-काळा रंग तयार होतो. अडगळीतून काढलेल्या जुन्या बादल्यांचा तर मोह धरूच नये. त्यांतल्या अनेकांचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असतात. स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठी बनवलेले प्लास्टिक वापरावे. बादलीच्या तळाशी काळे ठिपके हलताना दिसले, तर ते हिमपिसवा नावाने ओळखले जाणारे बारीक जीव असतात. गाळणीतून ते सहज निघतात.

मात्र छेद घेताच गडद, फेसाळ आणि आंबूस किंवा कुजका वास असलेला द्रव जोराने बाहेर आला, तर प्रकरण वेगळे. काही झाडांच्या आत जिवाणूंनी भरलेले ओले कप्पे असतात, आणि त्यांतले पाणी कधीकधी सालीवरूनही झिरपताना दिसते. त्या झाडाचा त्या वर्षीचा नाद सोडणे शहाणपणाचे.

दुधाळ किंवा गढूळ रसाचे कारण बहुधा वेळ आणि ऊब असते. रस म्हणजे पातळ साखरपाणी. जिवाणू आणि यीस्ट यांना त्याहून चांगले अन्न नाही. महाराष्ट्रात नीरा पहाटे उतरवून लगेच थंड का ठेवतात आणि मडक्याला आतून चुना का लावतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळे सांगायला नको. नीरा ऊन चढताच आंबू लागते. मेपलच्या रसाला थंडीचे कवच असते, पण मार्चअखेर तेही विरळ होते. रस दुधासारखा सांभाळावा: ४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावा, एकदोन दिवसांत आटवावा. हलकासा गढूळपणा आलेला रस चालतो, त्याचे सिरप गडद होते इतकेच. तार धरणारा, चिकट रस मात्र फेकून द्यावा. हंगाम सरताना छेदांच्या तोंडाशी किंवा कापलेल्या बुंध्यांवर नारिंगी बुळबुळीत थर दिसतो. तोही यीस्ट आणि बुरशीचाच, आणि ते काम थांबवण्याचे चिन्ह आहे.

हंगामाच्या शेवटी आणखी एक बदल होतो, आणि तो डोळ्यांना फसवतो. कळ्या फुगू लागल्या की रसातील नायट्रोजनयुक्त घटक बदलतात. रस नितळ किंवा जरासा पिवळट असतो, पण आटवल्यावर सिरपला एक नकोसा वास येतो, जो कशानेही जात नाही. म्हणजे रंगीत रस प्रत्येक वेळी वाईट नसतो, आणि नितळ रस प्रत्येक वेळी चांगला नसतो. काही धडधाकट झाडांचा रस अगदी फिकट पिवळा उतरतो आणि त्याचे सिरप उत्तम होते. निवाडा नाक आणि जीभ करतात. डोळ्याने फक्त शंका घ्यायची.

पानाचा देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो म्हणून नॉर्वे मेपलला विषारी मानणारेही भेटतात. तो चीक त्या जातीची ओळखखूण आहे. वसंताच्या तोंडाशी खोडातून येणारा तिचा रस इतर मेपलांसारखाच नितळ असतो आणि आटवता येतो.

रसाचा रंग आणि सिरपचा रंग यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. अमेरिका आणि कॅनडा येथे सिरपचे गोल्डन, अँबर, डार्क आणि व्हेरी डार्क असे चार वर्ग आहेत. त्यातून किती टक्के प्रकाश आरपार जातो यावर वर्ग ठरतो, आणि सीमा ७५, ५० आणि २५ टक्क्यांवर आहेत. हंगाम सरकतो तसे सूक्ष्मजीव साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन करतात, आणि या साखरा आटवताना अधिक लवकर तांबूस होतात. शेवटच्या दिवसांचे सिरप म्हणून गडद आणि ठसकेबाज असते. तो दोष नव्हे. स्वयंपाकात अनेकांना तेच आवडते.

व्यवहारात करायचे ते थोडके आहे. प्रत्येक झाडाची बादली मोठ्या पिंपात ओतण्याआधी पांढऱ्या भांड्यात थोडा रस घेऊन पाहावा, हुंगावा, चाखावा. संशय आला तर त्या झाडाचा अर्धा लिटर रस घरच्या शेगडीवर वेगळा आटवावा. तळाशी दोन चमचे सिरप उरते आणि निकाल लागतो. नवा छेद जुन्या खुणेच्या सरळ वर किंवा खाली कधीच घेऊ नये. बाजूला सरकून, उंचीही बदलून घ्यावा. भुसा तपकिरी येऊ लागताच गिरमिट थांबवावे. छेद त्याहून खोल नेऊन काही मिळत नाही, झाडाला जखम मात्र मोठी होते. हंगाम संपताच तोट्या काढून घ्याव्यात आणि छेद उघडेच सोडावेत. मेण किंवा लाकडी खुंटी मारल्याने ते लवकर मिटत नाहीत. जोमदार झाड एक ते तीन वर्षांत ते स्वतः बंद करते.

परसातल्या त्या जाड झाडावर पुढच्या वर्षी सर्व खळग्यांभोवती खडूने उभ्या रेघा ओढून मोकळी जागा शोधली गेली. ती उत्तरेच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर सापडली. भुसा पांढरा आला. रस नितळ होता, इतर तिन्ही झाडांपेक्षा गोडही. तरी पहिले तीन दिवस त्याची बादली वेगळीच ठेवली.