हँडल वळलं, गाडी नाही

स्नोमोबाईल विकत घेताना लोक इंजिनाची ताकद विचारतात, ट्रॅकची लांबी विचारतात, हँडलचे ग्रिप गरम होतात का तेही विचारतात. स्कीच्या पोटाखाली काय बसवलंय, हे मात्र फार थोडे जण वाकून बघतात. मिनेसोटात २२ हजार मैलांहून जास्त स्नोमोबाईल ट्रेल आहेत. इकडे आलेल्या मराठी घरांतूनही आता जुनी स्लेड (स्नोमोबाईलचं इकडचं बोलीतलं नाव) घेऊन त्यांवर जाणारे दिसतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझी स्लेड जुनी, पण इंजिन खणखणीत. बर्फाळ ट्रेलवर मागचा ट्रॅक घसरू नये म्हणून मी दुकानातून ट्रॅकला ९६ स्टड, म्हणजे धातूचे टोकदार खिळे, ठोकून घेतले. दुकानदाराने पुढच्या स्कींना हातही लावला नाही. त्यानंतर डुलुथहून ग्रँड मराईकडे जाणाऱ्या १४६ मैलांच्या नॉर्थ शोअर ट्रेलवर निघालो. आधी दोन दिवस बर्फ वितळलं होतं आणि मग पारा धाडकन उतरल्यामुळे वाट काचेसारखी झाली होती. एका डाव्या वळणावर मी हँडल वळवलं, स्की वळल्या, आणि गाडी सरळ बर्चच्या झाडांकडे निघाली. वेग कमी होता आणि कडेला भुसभुशीत बर्फाचा बांध होता, म्हणून थोडक्यात निभावलं.

झालं होतं ते असं. स्कीचा तळ प्लॅस्टिकचा असतो. तो कडक बर्फावर फक्त घसरतो. त्याच्या मधोमध खालून एक पोलादी सळई बोल्टने आवळलेली असते, तिला वेअर बार म्हणतात. या सळईच्या खालच्या अंगाला टंगस्टन कार्बाइडचे धारदार तुकडे झाळून बसवलेले असतात. ताज्या, खोल बर्फात स्कीचा आकारच गाडी वळवतो, तिथे कार्बाइडचं काम थोडं. कडक वाटेवर मात्र गाडीचं नाक बाजूला नेण्याचं जवळजवळ सगळं काम त्या धारेकडे असतं. स्टड ठोकल्यावर ट्रॅक पुढे रेटण्यात तरबेज होतो. पुढची धार बोथट किंवा आखूड असेल तर तो रेटा स्कींना सरळ ढकलत नेतो. इकडचे लोक याला ‘पुश’ म्हणतात. म्हणून पहिला नियम: मागे स्टड वाढवले की पुढचं कार्बाइडही त्या मानाने वाढवायचं. दोन्ही कामं एकाच दिवशी करून घ्यायची.

तक्रार घेऊन गेल्यावर त्याच दुकानाने थेट दुसरं टोक गाठलं. होते त्यांतले सर्वांत लांब धारेचे बार लावून दिले. आता गाडी वळायची, पण हँडल इतकं जड झालं की संध्याकाळपर्यंत दंड भरून यायचे. शिवाय सरळ वाटेवर ती आपली आपणच डावी-उजवीकडे झेपावू लागली. चाकोरीत सापडलेली बैलगाडी जशी गाडीवानाचं ऐकत नाही, तशी स्की आधीच्या स्लेडने कोरलेल्या चरात शिरायची आणि त्याच्याच मागे जायची. याला ‘डार्टिंग’ म्हणतात. शेवटी ट्रेलची निगा राखणाऱ्या क्लबमधल्या एका जुन्या स्वाराने ट्रॅकला सरळ पट्टी लावून मोजलं. स्कींची टोकं आतल्या बाजूला वळलेली होती आणि एका टाय रॉडचा सांधा सैल झाला होता. दोन्ही दुरुस्त केल्यावर निम्मं डार्टिंग तिथेच थांबलं. नवे बार लावताना दुकानाने अलाइनमेंट तपासलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कुणालाही आधी कार्बाइड विकत घ्यायला सांगत नाही. आधी गाडी तपासा.

स्कीचं टोक हातात धरून जोराने हलवा. टाय रॉडचे सांधे, बॉल जॉइंट, स्पिंडलचे (स्की ज्या उभ्या दांड्याला जोडलेली असते त्याचे) बुश, स्कीचा मुख्य बोल्ट, यांतलं काही खडखडलं तर ते आधी बदला. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडतं. मग गाडी सपाट जमिनीवर ठेवून हँडल बरोबर सरळ बांधा. दोन्ही स्कींची टोकं इलॅस्टिक पट्ट्याने एकमेकींकडे ओढून धरा, म्हणजे उरलेली ढील निघून जाते. ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावा आणि तिच्यापासून कार्बाइडपर्यंतचं अंतर स्पिंडलच्या पुढे आणि मागे मोजा. स्कीच्या कडेवरून मोजू नका, प्लॅस्टिक वाकडं असू शकतं. बहुतेक मॉडेलना स्की पुढच्या बाजूला किंचित बाहेर उघडलेल्या लागतात, दोन्ही मिळून साधारण ३ ते ६ मिलिमीटर. याला टो-आउट म्हणतात. नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो. आत वळलेल्या स्की डार्टिंगला आमंत्रणच देतात.

आता बार निवडायची वेळ. बार स्लेडच्या नव्हे, स्कीच्या मॉडेलप्रमाणे येतो. जुन्या गाडीवर मागच्या मालकाने दुसऱ्याच कंपनीची स्की लावलेली असणं अगदी शक्य आहे, तेव्हा स्कीवरचं नाव वाचून घ्या. एका बारवर कार्बाइडची लांबी साधारण ४ ते १० इंच असते. स्टड नसलेल्या, ताज्या बर्फात फिरणाऱ्या गाडीला ४ किंवा ६ इंच भरपूर झाले. स्टड असतील आणि वाटा कडक असतील तर त्याहून लांब. धारेचा कोनही विचारा: ६० अंशांची धार खोल चावते पण लवकर बोथटते, ९० अंशांची कमी चावते आणि जास्त टिकते. दुहेरी किंवा तिहेरी धारेचे बार जुन्या चरात शिरत नाहीत म्हणून डार्टिंग कमी करतात, मात्र काही गाड्यांवर त्यांनी हँडल जड होतं. कार्बाइड स्पिंडलच्या तुलनेत कुठे येतं हेही बघा. धारेचा बराचसा भाग स्पिंडलच्या पुढे गेला तर स्की चंचल होते. बरोबर खाली किंवा थोडा मागे असेल तर ती सरळ चालते.

बसवताना स्कीच्या तळाची खाच घासून साफ करा. बार तळाला सगळीकडे चिकटून बसला पाहिजे. फट राहिली तर तिथे बर्फ भरतं आणि सळई वाकते. नायलॉनचे लॉक नट नवेच घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. दोन्ही स्कींचे बार एकाच वेळी बदला. एक नवा आणि एक जुना असला की गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं असं वागते.

पहिली चाचणी रुंद, मोकळ्या जागेत, कमी वेगात. अजूनही पुश होत असेल तर लगेच आणखी लांब कार्बाइड घेऊ नका. मागच्या सस्पेन्शनमधला लिमिटर स्ट्रॅप एक भोक आखूड करा. ट्रॅकचा पुढचा भाग वर ओढला जातो आणि स्कींवर वजन वाढतं. हँडल जड वाटत असेल तर उलट करा. डार्टिंग उरलं असेल तर स्की आणि स्पिंडल यांच्यामधल्या रबराच्या मागच्या भागाखाली पातळ शिम घालतात. त्याने स्कीचं टोक जरा वर येतं आणि दाब मागे सरकतो. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, मग गाडी चालवून बघा. दोन बदल एकदम केले तर कशाचा गुण आला ते कळत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या: पुढे फार चावणारी गाडी वळणात आतली स्की उचलते, आणि वेग जास्त असेल तर उलटते. मिनेसोटात सार्वजनिक जमिनी आणि गोठलेल्या तळ्यांवर ताशी ५० मैलांची मर्यादा आहे. बर्फाळ वळणावर तीही फार होते, कार्बाइड कितीही उत्तम असो.

कार्बाइड कठीण, पण ठिसूळ. डांबरी रस्ता ओलांडताना सावकाश आणि सरळ जा. डांबरावर हँडल वळवलं की तुकडे उडतात. गॅरेजमध्ये स्लेड हलवायला स्कीखाली चाकांच्या ट्रॉली घाला, काँक्रीटवर ओढू नका. स्टड लावलेली स्लेड मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर चालवता येत नाही. स्थानिक प्रशासनाने परवानगी दिली असेल तरच. हंगामाच्या मध्यावर एकदा स्की उचलून टॉर्चच्या उजेडात धार बघा. चकचकीत सपाट रेघ दिसली तर धार गेली. हिऱ्याच्या कानशीने ती थोडीफार परत आणता येते. साधी कानस कार्बाइडला लागत नाही, आणि ग्राइंडरवर फार तापवलं तर झाळ सुटते. तुकडे पडले असतील किंवा सळईच निम्मी झिजली असेल तर नवा बार घ्या.

दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: स्कीचं मॉडेल, ट्रॅकवरचे स्टड किती, तुमच्या वाटा कडक असतात की मऊ, गाडी पुश करते की डार्ट, आणि टो-आउट शेवटचं कधी मोजलं. दुकानदाराने यांतलं काहीच न विचारता बारचं पाकीट पुढे केलं, तर ते तिथेच ठेवून दुसरं दुकान गाठा.