किती वाजले असतील?

चतुर्थी जवळ आली की तारकर्ली-देवबागेतल्या घरांतली कपाटं रिकामी होतात आणि कुठल्यातरी खणातून ती घड्याळं पुन्हा बाहेर येतात. आजोबांचं एचएमटी, लग्नात आहेर म्हणून आलेलं सोनेरी पट्ट्याचं, मुंबईच्या काकांनी दिलेलं आणि सेल संपल्यापासून कुणीच न घातलेलं. पुसायची, कानाला लावून बघायची, परत खणात ठेवायची. दरवर्षी हेच.

आई-बाबांनो, यंदा ती परत ठेवू नका. आजोबांच्या घड्याळात जीव अडकतो हे मला कळतं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली, आणि पुढे कितीतरी वर्षं पहिल्या पगारातून घ्यायचं घड्याळ म्हटलं की हेच. २०१६ मध्ये सरकारनं तो कारखाना गुंडाळायचं ठरवलं, तेव्हापासून तर त्याची माया आणखी वाढली. चावीचं असेल आणि चालत असेल तर मुलाच्या हाती द्या, रोज चावी देऊ दे. बाकीची देऊन टाका. मात्र दोन गोष्टी सांभाळा. सेलवरच्या घड्याळातला बटणासारखा सेल काढून जपून बाजूला ठेवा. तो लहानग्यानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजू शकतं, तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं फार जुनं घड्याळ असेल तर ते मुलांना उघडू देऊ नका. त्या काळच्या रंगात खरंच रेडियम असायचं. चमक गेली तरी ते आत असतंच.

खण रिकामा करणं सोपं. अवघड काम पुढचं आहे. सातव्या-आठव्या वाढदिवसाला मुलाच्या मनगटावर पावलं मोजणारं, मेसेज दाखवणारं घड्याळ बांधायची आता रीतच पडली आहे. त्याआधी एक-दोन वर्षं थांबता येईल का? त्या काळात मुलानं “किती वाजले?” विचारलं की उत्तर न देता उलट विचारायचं, “किती वाजले असतील?” त्यानं अंदाज सांगायचा, कशावरून ते सांगायचं, मग भिंतीवरच्या घड्याळात बघायचं. एवढंच माझं मागणं.

तारकर्लीतल्या मुलांकडे हे मागता येतं, कारण अंदाज कशावर टेकवायचा ते त्यांच्या दारात आहे. देवबागच्या होडीवाल्याला विचारा, त्सुनामी आयलंडवर उद्या कधी नेणार? तो घड्याळातली वेळ सांगेल, पण पाण्याचा अंदाज तो तिथीवरून बांधतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा. त्यामुळे कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. या हिशेबामागे चंद्र आहे. सूर्याच्या मानानं तो तीस तिथींत एक फेरी मागे पडतो, म्हणजे चोवीस तास तिसांत वाटले गेले, दर तिथीला ४८ मिनिटं. जुन्या मापात चोवीस मिनिटांची एक घटिका. दर तिथीला बरोबर दोन घटिका. पाऊणपटीत तीन मिनिटं सांडतात, पण होडी ढकलायला तेवढं चालतं.

हा हिशेब मुंबईकडे बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेला भरती त्याआधी लागते, म्हणून इथे उत्तरातून काही वजा करावं लागतं. किती, ते मुलालाच शोधू दे. वाळूत काठी रोवायची, पाणी कुठवर चढलं त्याची रोज खूण करायची, अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीला याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही. मध्येच त्याला आणखी काही दिसेल: उधाणाला पाणी दुपारच्या सुमाराला चढतं, त्यामुळे मोठी सुकती पडते ती सकाळी आणि संध्याकाळी; भांगाच्या दिवसांत सगळं उलटं आणि मवाळ. कर्लीच्या पात्रात कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना हे कधी पाठ करावं लागलेलं नाही. “आता सुकती लागतली,” म्हणत त्या कोयता-टोपली घेऊन निघालेल्या असतात.

सूर्याचंही असंच. शाळेच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा मैदानात उभ्या मुलाची सावली अजून समुद्राकडे झुकलेली असते. तारकर्लीत मध्यान्ह होते ती सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर, ती रेघ मिर्झापूरजवळून जाते, आणि आपण तिच्या नऊ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२.२० च्या आसपास येते, फेब्रुवारीत १२.५० पर्यंत जाते. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी खूप कुरकुर केली होती. आपली ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ त्यांनी पुढे कित्येक वर्षं जपली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तर इथे सावलीच पायाखाली जाते. तो दिवस चुकवू नका.

पावसाळ्यात ऊन नसतं, मग काय करायचं? मांडवाखाली जाऊन बघायचं. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात आणि घोसाळ्याची पहाटे. एकाच मांडवावर दोन वेल चढवलेत तर ढगाळ दिवसाच्या दोन्ही टोकांना खूण मिळते.

“मनाचं ऐका, मनाला सगळं कळतं,” असं काही मी सांगत नाही. उलटा पुरावा आहे. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होती. मनातल्या मनात दोन मिनिटं मोजायला त्याला पाच मिनिटं लागत. नुसत्या मनावर सोडलेला काळ असा भरकटतो. ऊन, पाणी, फुलं, भूक यांच्याकडे लक्ष ठेवून बांधलेला अंदाज ही निराळी गोष्ट आहे. तो शिकावा लागतो, आणि शिकायचं वय आठ-दहा हेच.

त्याहून लहान मुलांकडून मात्र मिनिटांची अपेक्षा करू नका. आईनस्टाईननं १९२८ मध्ये जाँ पियाजेला विचारलं होतं, मुलांना काळ कळतो तो वेगाआधी की नंतर? पियाजेनं त्यावर वर्षानुवर्षं काम करून १९४६ मध्ये पुस्तक काढलं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना, जी गाडी लांब गेली ती जास्त वेळ चालली, असंच वाटतं. तेव्हा “पाच मिनिटांत नीघ” म्हणण्यापेक्षा “पाणी त्या होडीला लागलं की निघू” म्हटलेलं पाच वर्षांच्या मुलाला कळतं. आणि खरं सांगायचं तर आपली स्वतःची पाच मिनिटं केवढी असतात? फोनवर बोलताना “आले, पाचच मिनिटं” म्हणणारी आई अर्ध्या तासानं येते. मूल तेच माप शिकतं आणि सकाळी शाळेला निघताना तेच आपल्याला परत देतं. वर रागावतो आपणच.

शाळेची घंटा, एसटी, परीक्षा यांना घड्याळ हवंच. तिथे अंदाजाची मिजास नको. समुद्रात उतरायचं असेल तर हवामान खात्याचा इशारा आणि होडीवाल्याचा शब्द, मुलाचा हिशेब कितीही बरोबर येत असला तरी. हा खेळ कोरड्या वाळूवरचा आणि घरातला. रविवारी सकाळी भिंतीवरचं घड्याळ उलटं टांगा, फोन ठेवून द्या आणि जेवायची वेळ मुलांना ठरवू द्या. अर्ध्या तासानं चुकले तर हसू नका, कशावरून ठरवलं तेवढं विचारा. तुम्हीही अंदाज सांगा. बहुतेक तुमचाच जास्त चुकेल, कारण आपली सवय मोडून किती वर्षं झाली. फक्त आजीला पहिल्या दिवशी खेळात घेऊ नका. ती चुलीपाशी बसून, बाहेर न बघता अचूक वेळ सांगते, आणि मग मुलं खेळायला तयार होत नाहीत.