काट्याची जखम आणि बुरशीचा विकार

गुलाबाची छाटणी करताना, कुंपणासाठी काटेरी फांद्या आणताना किंवा गवत हाताळताना हाताला काटा वा कुसळ बोचणे ही शेतावरील नित्याची गोष्ट होय. बहुतेक जखमा चार दिवसांत भरून येतात. परंतु क्वचित अशा जखमेतून बुरशी त्वचेखाली शिरते. या विकारास ‘स्पोरोट्रायकोसिस’ म्हणतात.

ही बुरशी माती, कुजका पालापाचोळा, शेवाळ व लाकूड यांवर वाढते. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत १९४१ ते १९४४ या काळात सुमारे तीन हजार कामगारांना हा विकार जडला. खाणीत आधारासाठी लावलेल्या लाकडांवर ती बुरशी वाढली होती. भारतात हिमालयाच्या पायथ्यालगत, विशेषतः हिमाचल प्रदेशात, याचे रोगी अधिक आढळतात.

लक्षणे : काटा बोचल्यावर एक आठवडा ते तीन महिन्यांत त्या जागी लहान, तांबूस व सहसा न दुखणारी गाठ येते. ती फुटून व्रण होतो. पुढे बुरशी लसिकावाहिन्यांच्या मार्गाने पसरते व हातावर दंडाच्या दिशेने एका ओळीत गाठी उठतात. ताप सहसा नसतो. त्यामुळे रोगी कामावर जातच राहतो आणि उपचारास उशीर होतो.

उपचार : हे साधे गळू समजून घेतलेल्या प्रतिजैविकांचा बुरशीवर परिणाम होत नाही. स्टिरॉइडयुक्त मलमाने विकार बळावू शकतो. काही वेळा क्षयासारख्या इतर जंतूंमुळेही अशाच गाठी येतात. म्हणून पू किंवा कातडीचा तुकडा तपासून निदान करणे आवश्यक असते. डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल देतात. पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण हे जुने व स्वस्त औषधही गुणकारी आहे. उपचार साधारणतः तीन ते सहा महिने चालतो. गाठी बसल्या तरी औषध मध्येच सोडू नये. गरोदरपण किंवा यकृताचा अथवा थायरॉइडचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

खबरदारी : काटेरी कामास जाड हातमोजे व लांब बाह्यांचा सदरा वापरावा. काटा बोचल्यास तो काढून जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी, तीवर माती वा शेण लावू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हातावर न भरणारा व्रण दिसताच दोन प्रश्न विचारावेत : काटा बोचला होता काय? गाठी ओळीने वर चढत आहेत काय? उत्तर होकारार्थी आल्यास रोग्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.