शाळा किती लांब? चिरनेर परिसरातून एक पाठ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, चिरनेर म्हटलं की २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. तो इतिहास आपण मुलांना शिकवतोच. आज याच परिसराचा भूगोल शाळेच्या अंगाने पाहू.

एका बाजूला पनवेल-नवी मुंबई. तिथे पालकांपुढे प्रश्न असतो, 'कोणती शाळा निवडू?' दुसऱ्या बाजूला डोंगरातली आदिवासी वाडी. तिथला प्रश्न असतो, 'शाळेत पोचायचं कसं?' जिल्हा एकच, पण प्रश्न वेगळे.

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. आता खरी मेख बघा: आठवीनंतर ही हमीच संपते! नववीला हायस्कूल लांब, एसटी वेळेवर नाही, पावसात ओढा भरलेला; मग घरचे म्हणतात, "पोरीला कशाला एवढ्या लांब पाठवायचं?" ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडीच आली नाही तर पास काय कामाचा?

अंतर फक्त किलोमीटरचं नसतं
रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गावात शाळा असते, मूल मात्र भट्टीवर. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांचं तेच होतं. तिथे हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं गावात राहून शिकतात. नंदुरबारमध्ये नर्मदाकाठी तर लोकांनी स्वतःच जीवनशाळा उभ्या केल्या.

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत शिक्षक, ग्रंथालय, खेळ सगळं मिळेल, हे खरं. पण पहिलीतलं पोर तिथवर रोज जाणार कसं, याचं उत्तर आधी हवं.

आपण काय करू शकतो?
१. वर्गात गावाचा नकाशा काढा. प्रत्येक मुलाला घर ते शाळा रस्ता आणि चालायला लागणारा वेळ लिहायला सांगा.
२. आठवीतल्या प्रत्येक मुलाचं नववीचं ठिकाण मे महिन्याआधी पक्कं करा.
३. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या.
४. पालकहो, एसटीच्या वेळेचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा.

पट कमी दिसला, की मुलं का येत नाहीत ते आधी विचारा. शाळा बंद करायचं मग बघू.