दांड्या दिसतात, मग फोन का लागत नाही?



खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबीकडची मुले आम्हाला नेहमी विचारतात, "सर, रेंजच्या दोन दांड्या दिसतात, तरी फोन का लागत नाही?" प्रश्न साधा आहे, पण रात्री-अपरात्री घरात कोणाला साप चावला, तर तोच जिवावरचा ठरतो. म्हणून या वेळी त्याचा अभ्यास करू.

मोबाईल हा छोटा रेडिओ आहे. तो टॉवरचे ऐकतो आणि टॉवरशी बोलतोही. टॉवर काही दहा वॅट शक्तीने बोलतो. आपला फोरजी फोन मात्र जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅटने. डोंगरावरचा माणूस कर्ण्यातून बोलला तर आपल्याला ऐकू येते, पण आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. दांड्या फक्त आपल्याला किती ऐकू येते तेवढेच दाखवतात. शिवाय टॉवरवर गर्दी असली, तर दांड्या भरलेल्या असूनही इंटरनेट रखडते.

रेंजचे खरे माप 'डीबीएम' मध्ये असते. ते उणे आकड्यात येते. आकडा १० ने घसरला की शक्ती दहावा हिस्सा उरते. म्हणजे उणे ९० वरून उणे ११० झाले, तर शंभरावा हिस्सा! फोरजीला उणे ११० च्या खाली बोलणे तुटू लागते. डोंगर, पावसात भिजलेली दाट झाडी आणि पत्र्याचे छप्पर ही लहरींच्या वाटेतली मुख्य अडचण.

मग काय करावे?

१. अंगणात किंवा उंच मोकळ्या जागी जावे.
२. फोन लागेना तर एसएमएस करावा. त्याला अगदी थोडा वेळ रेंज मिळाली तरी पुरते. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हे मावतात. मजकूर आटोपशीर ठेवावा.
३. संकटात ११२ लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर हा फोन लागू शकतो.
४. कमी रेंजमध्ये फोन पूर्ण जोर लावतो व बॅटरी लवकर संपते. रात्री फोन चार्ज करून ठेवावा.
५. परवान्याशिवाय बूस्टर बसवू नये. तो बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांची रेंज बिघडवतो.

गृहपाठ : माजघर, उंबरठा, अंगण आणि परडे येथे सकाळी व रात्री डीबीएम मोजून तक्ता करा. बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमधील 'सिम स्टेटस' मध्ये हा आकडा दिसतो.

पालकांनी आपल्या घराजवळची रेंजची जागा घरातल्या सर्वांना, विशेषतः आजी-आजोबांना, दाखवून ठेवावी. मुलांचे तक्ते जमले की ते गावागावाप्रमाणे लावून आम्ही विश्वस्तांसमोर ठेवू. टॉवरची मागणी करताना नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेले आकडे अधिक उपयोगी पडतील.