रस्त्याकडेची सूर्यफुले : ‘माय अँटोनिया’चे एक वाचन

इंग्रजीतील ‘पायोनियर’ हा शब्द साहित्यात नव्या मुलखात प्रथम वस्ती करणाऱ्या माणसांसाठी येतो, तर वनस्पतिशास्त्रात उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वप्रथम रुजणाऱ्या वनस्पतींसाठी. विला कॅथर यांची ‘माय अँटोनिया’ (१९१८) ही नेब्रास्कातील वसाहतकारांची कादंबरी वाचताना दोन्ही अर्थ जवळ ठेवावेत. कॅथर यांच्याच काळात नेब्रास्का विद्यापीठात शिकलेल्या फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये वनस्पती-अनुक्रमणाचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. अर्थात, कॅथर यांनी तो कथेत उतरवला असे मात्र समजू नये.

रस्त्याकडेच्या सूर्यफुलांचा प्रसंग लक्षपूर्वक वाचा. शेतावरचा गडी फुक्स लहानग्या जिमला सांगतो, की यूटाकडे जाणाऱ्या मॉर्मन लोकांनी मागून येणाऱ्यांना वाट सापडावी म्हणून हे बी पेरले. वनस्पतिशास्त्रज्ञांना हे मान्य नाही; सूर्यफूल मूळ तेथलेच, असे ते म्हणतात. जिमला हे ठाऊक आहे, तरी तो दंतकथा सोडत नाही. येथे कल्पना आणि विज्ञान यांचा विरोध पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. रानटी सूर्यफूल वर्षायू आहे. बहुवर्षायू गवताच्या दाट मुळांत त्याला सहसा थारा मिळत नाही; त्याला मोकळी झालेली माती लागते. गाड्यांच्या चाकांनी ती मोकळी केली. म्हणजे बी माळाचे, पण ओळ माणसांची. फुक्स अगदीच चुकलेला नाही.

आता अधिक अवघड मुद्दा. पहिल्या रात्री जिमला तो प्रदेश रिकामा वाटतो. प्रत्यक्षात तांबड्या गवताचा तो माळ दीर्घकाळ स्थिरावलेला वनस्पतिसमुदाय होता. आणि मूळ रहिवाशांच्या घोडदौडीचे वर्तुळ त्याच गवतात अंधूक उमटलेले जिम स्वतः पाहतो. भूमी उघडी नव्हतीच, ती नांगराने उघडी केली. वसाहतकारांना वनस्पतिशास्त्रीय अर्थाने ‘पायोनियर’ म्हणता येत नाही ते यामुळे. प्रस्तुत लेखकाच्या मते कादंबरीला याची अर्धवटच जाणीव आहे.

ती जाणीव सर्वांत स्पष्ट होते अँटोनियाच्या वडिलांच्या थडग्यापाशी. आत्महत्या केलेल्या त्या माणसाला शेताच्या कोपऱ्यात पुरले जाते. पुढे तेथून रस्ते जातात, पण थडग्याला वळसा घालून. आणि भोवतालचे तांबडे गवत न कापलेले, बेटासारखे उरते.

स्वाध्याय : ते गवत बापाचे स्मारक आहे की माळाचे? मूळ परिच्छेदाच्या आधारे १५ ओळींत लिहा.